तीस नंबरचा फर्मा

मास्तरांनी खिळ्यावरून शर्टाचा तीस नंबरचा कागदी फर्मा उतरवून झटकला, आणि त्याच्या पाठीला डकवलेलं मांजरपाट सबंध सुटून फरशीवर पडलं. चौतीस वर्षांची खळ ती, कधीतरी सुटायचीच. मास्तर कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मोठ्या बाई, याच्या पोटात गाव आहे."

"चष्मा पुसा मास्तर. फर्म्यात गाव नसतं, माप असतं."

"पुसूनच बोलतोय. ही नदी. ही झाडं. आणि इथं कुणीतरी लिहिलंय, इथे पाणी आहे."

मी उठले. शिलाईच्या बारा मशिनी चालूच होत्या, शाळा उघडायला तीन आठवडे, युनिफॉर्म द्यायचे राहिलेले, कुणाला मान वर करायची फुरसत नव्हती. मी मास्तरांच्या हातून कागद घेतला. निळी शाई. 'पाणी'मधला ण मांडी घालून बसल्यासारखा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला अक्षर कळत नसेल, पण पोराचं अक्षर कळतं. मी हात पदराला पुसले आणि म्हटलं, "जुना कागद होता, कुणीतरी रेघोट्या मारल्यात. नवा फर्मा कापा." मास्तर पंचवीस वर्षं माझ्याकडे कापड बेततायत. कापड बेततात तसंच माणूस बेततात. खिळ्यावरचे बाकीचे तुकडेही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. दोन बाह्या, कॉलर, खिसा, पुढचे दोन भाग. सगळ्यांच्या पाठीला मांजरपाट. ते मीच डकवलं होतं. फर्मा टिकावा म्हणून डकवलं, असं मी आजवर सांगत आले, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी सांगत आले.

वर, कारखान्याच्या माथ्यावरच्या दोन खोल्यांत, ते अक्षर ज्याचं तो बसला होता. सेहेचाळीस वर्षांचा माझा मुलगा. लहानपणी त्याचे वडील त्याला वाटाड्या म्हणायचे, कारण आठ वर्षांचा असल्यापासून शिवलेले गठ्ठे सायकलला बांधून तो गावभर पोचवायचा आणि कधी घर चुकायचा नाही. एकदा गेलेली गल्ली त्याच्या डोक्यात धाग्यासारखी ओवली जायची. पुढे पोटापाण्यालाही तेच केलं. मालाच्या गाड्यांनी कुठून कुठे जायचं ते ठरवून द्यायचा, ऐंशी गाड्या त्याच्या शब्दावर चालायच्या. दुसऱ्या शहरात बिऱ्हाड केलं, लग्न केलं. दर रविवारी फोन यायचा. बरी आहेस का, बरी आहे, जेवलास का, जेवलो, ठेवतो. चार मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय, पाचवं मिनिट त्यानं मला कधी दिलं नाही. आणि दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो स्वतःच्या गोदामातून निघून स्वतःच्या घरी पोचला नाही. चौकातल्या बाकावर बसलेला सापडला, म्हणाला, "रस्ते बदललेत." रस्ते कशाला बदलतात मेले. डोक्यातली वीण उसवत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं त्या दुखण्याचं, मी ते विसरले, आणि विसरले म्हणून त्या दिवशी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. सून बँकेत दिवसभर, घरी बघायला कोणी नाही. चार महिन्यांपूर्वी ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. जिन्यात बॅग ठेवून म्हणाली, "आई, मी हरले." मी तिला म्हटलं, "हरायला आधी खेळावं लागतं. आत ये, जेव." बोलून गेले. माझी जीभ कात्रीसारखी, धार लावलेली, ठेवायला म्यान नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्या हातांना येतं ते करू द्या. हातांना काय येतं? सुनेनं बॅगेतून त्याचा जुना व्हिडिओगेमचा डबा काढला, टीव्हीला जोडायचा. माझा भाऊ जहाजावर होता, त्यानं आणून दिलेला. डब्यात घालायच्या दोन कॅसेटी. एकाच खेळाचा पहिला भाग आणि दुसरा. इतकी बिऱ्हाडं बदलली, त्यानं त्या टाकल्या नव्हत्या. कंदीलवाला म्हणायचे मी त्याला, खेळातल्या माणसाला. हातात कंदील, आणि सगळं जग अंधारात पडलेलं. आल्यापासून रोज दुपारी तो दुसरा भाग लावून बसतो. दुसऱ्या भागात गावं आहेत, माणसं आहेत, ती परक्या अक्षरांत बोलतात आणि हा मला वाचून सांगतो. विहिरीवर एक बाई आहे. तिच्याजवळ गेलं की ती म्हणते, "वाट चुकलास? नकाशा उघड." हा बटण दाबतो, नकाशा उघडतो, त्यात एक ठिपका लुकलुकतो, म्हणजे तू इथं आहेस. मग हा थोडा पुढे जातो, आणि परत विहिरीवर येतो. परत ती बाई तेच म्हणते. हा तितक्याच आनंदानं ऐकतो. दिवसातून पंधरा वेळा. मी जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत नाही, आणि त्या मेलीचं पंधरा वेळा ऐकतो. बोटाएवढी बाई, तिला नाक नाही न डोळे. मी तिचा हेवा केलाय. आता लपवून काय करायचंय.

पहिली कॅसेट तो हातात घ्यायचा, उलटीपालटी करायचा, आणि खाली ठेवायचा. "याला नकाशा नाही," म्हणायचा. बाकी काय काय गळून पडलं त्याच्या डोक्यातून, बापाचं जाणं गळलं, स्वतःच्या गोदामाचं नाव गळलं. हे मात्र राहिलं होतं.

पहिल्याला नकाशा नाही, खरंच आहे ते. तो बारा वर्षांचा होता तेव्हा चार महिने त्यानं तो स्वतः काढला. माझ्या कारखान्यातल्या खाकी कागदाचे चार ताव चिकटवून केवढी थोरली चादर केली, खाटेखाली पसरून ठेवायचा आणि पालथा पडून काढत बसायचा. मी विचारलं होतं एकदा, हे काय खूळ. तो म्हणाला, "आई, आत नकाशा दिलेलाच नाही. आपणच चालायचं आणि आपणच काढायचा." त्या वर्षी युनिफॉर्मचं पहिलं मोठं काम मिळालं होतं. सहाशे शर्ट. हे, त्याचे वडील, खाटेला खिळलेले, शिवायला मी आणि दोन बायका, वाहायला वाटाड्या. आणि एके दिवशी खाकी कागदाचा गठ्ठा संपला, दुकान बंद, तीस नंबरचा फर्मा कापायचा राहिलेला. मी खाटेखालून तो कागद ओढला आणि कापला. पोरगा शाळेतून आला, वाकून खाटेखाली बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, खिळ्याला फर्मे टांगलेले. रडला नाही. विचारलंही नाही. हात धुऊन जेवायला बसला. मीच म्हटलं, "मला काय माहीत तुझा होता ते. जुना कागद वाटला." तो म्हणाला, "हं." पुन्हा त्यानं पहिला खेळ लावला नाही. दुसऱ्या वर्षी भावानं दुसरा भाग आणला. हा टीव्हीसमोर बसलेला, मी मशीनवर, आणि पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "हा बरा आहे. यात नकाशा आतच असतो. कुणाला कापता येत नाही." माझं पायडल थांबलं. ओवलेली सुई मी पुन्हा ओवायला घेतली. काही बोलायचं तर तेव्हा बोलायचं होतं. पण मी कोण? सहाशे शर्ट वेळेवर दिलेली बाई. पोरापुढे मान खाली घालेन? घातली असती तर काय बाहीचा मुंढा उसवला असता?

मास्तरांनी तुकडे समोर ठेवले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी बायका यायच्या आत कारखान्यात उतरायला लागले. एकेका तुकड्यावर ओलं फडकं टाकून हलकी इस्त्री फिरवायची, वाफेनं खळ सुटते. मांजरपाट अलगद निघायचं आणि खालून निळं निळं वर यायचं. बाहीत डोंगर. कॉलरीत गुहांची रांग. खिशात एक तळं, पुरतं, काठासकट. नव्या तावावर मी ते तुकडे टाचण्यांनी जागच्या जागी लावले, नदीला नदी जुळवत. आम्ही चौकडीचं कापड जुळवतो ना शिलाईवर, तसं. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या बाकात जे कापून गेलं ते गेलंच, ते त्याच दिवशी कातरणीबरोबर चुलीत गेलं. तिथं कोरा कागद राहिला. बाकी सगळं जगलं होतं. चौतीस वर्षं शहरातल्या तीस नंबरच्या पोरांनी त्या नदीच्या मापाचे शर्ट घातले आणि फाडले.

आणि जागोजाग लिहिलेलं. 'इथे मेलो.' 'इथे परत मेलो.' 'हा म्हातारा काही बोलत नाही, नुसता बघतो.' 'झुडूप जाळले की जिना.' सगळे चौकोन एकसारखे, अंगठ्याच्या पेराएवढे. तसं मोजायला मीच शिकवलं होतं, टेप नसेल तेव्हा पेर धरायचं. मी हसले आणि टाचणी बोटात घुसली.

मग मला ते चालून बघावंसं वाटलं. त्याला आंघोळीला पाठवून मी पहिली कॅसेट घातली. हसा. सत्तरी गाठलेली बाई, नाकावर चष्मा, मांडीवर शर्टाच्या आकाराचा देश, आणि दोन अंगठ्यांनी एका ठिपक्याला चालवतेय. पहिले आठ दिवस मी सुरुवातीच्या झाडाखालून पुढे सरकले नाही. पण हळूहळू कळायला लागलं की हे दोन खेळ म्हणजे एका आईची दोन लेकरं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. पहिल्यात सगळं वरून दिसतं, टेबलावर कापड पसरावं तसं. दुसऱ्यात बाजूनं दिसतं, रांगेत उभं राहून पुढच्याची मान दिसावी तसं. पहिल्यात कंदीलवाल्याचा अंगरखा म्हणजे तीन ठिपके. दुसऱ्यात त्याला कोट आहे, बटणं मोजून घ्या, पण बाही खांद्यात बसलेली नाही, मी असला कोट परत पाठवला असता. पहिल्यात एकच सूर वाजतो आणि मध्येच गप्प होतो, जणू वाजवणाऱ्याला काहीतरी आठवलं. दुसऱ्यात पावलागणिक वेगळी वाजंत्री. दुसऱ्यात मेलं तर जिथं मेलात तिथंच उठवतात, माणसं वाट सांगतात, ठिपका लुकलुकतो, सगळी काळजी घेतलेली. पहिल्यात कोणी काही सांगत नाही. कंदिलातलं तेल संपलं की अंधार, आणि पुन्हा पहिल्या झाडाखाली, रिकाम्या हातांनी. दुसरा भला आहे. माणसाला सांभाळतो. पण दुसऱ्यात मी कुठं गेले ते मला आठवत नाही, आणि पहिल्यातलं प्रत्येक झुडूप माझ्या पायांना माहीत झालं. आठवायला लागतं म्हणून राहतं. हे मला त्याला सांगायचं होतं, वाटाड्याला, की आता मला कळलं तू खाटेखाली काय करत होतास.

पाठीच्या तुकड्यावर, अगदी वर, गळ्याच्या बाकाशी एक बाण काढलेला होता. त्याच्याजवळ लिहिलेलं, 'हे आईला दाखवायचं.' बाणाचं टोक माझ्या कात्रीनं तोडलं होतं. पुढे कोरा कागद.

मी रोज तिथपर्यंत जायचे. बाण संपतो तिथं उभी राहायचे आणि कोऱ्यात पाऊल टाकायचे. कधी उजवीकडे, कधी वर. तेल संपायचं. झाडाखाली उभी. काय दाखवायचं होतं ते मला सापडलं नाही.

रविवारी सून आली. त्याची नखं कापली, त्याच्याशी बोलली, आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, मघाशी त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठल्या शाखेत असता?"

"मग? सांगायचंस."

"सांगितलं. म्हणाले, लांब पडत असेल नाही तुमच्या घरापासून." ती हसली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "डॉक्टर म्हणाल्या, आता भराभर जाईल. ज्याला जे बोलायचं ते बोलून घ्या म्हणाल्या. माझं झालं बोलून. तुमचं?"

"माझं काय असायचंय."

"मला काय माहीत. अठरा वर्षांत त्यांनी तुमच्याबद्दल एकदाही वाईट शब्द काढला नाही. चांगलाही नाही. मी भांडणाऱ्या घरातली, मला त्याचीच भीती वाटायची."

तिच्यासमोर मी भांडी घासत राहिले, घासलेलीच. पोरगी हुशार आहे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. ती गेल्यावर मी तिथंच पाटावर बसले. ज्याचा अपराध केला त्यानं तो लक्षात ठेवायला हवा, तरच माफी मागता येते. नाहीतर कुणाकडे मागायची, भिंतीकडे? इतकी वर्षं मला वाटायचं, विसरू दे पोराला एकदाचं. देवानं ऐकलं, आणि कसं ऐकलं.

कारण खरं असं की मला माहीत होतं. तो कागद जुना नव्हता. मी चार महिने ते पोर पालथं पडलेलं बघत होते. त्या दिवशी तो एक गठ्ठा पोचवायला विसरला होता, पहिल्यांदाच, खेळापायी. शाळेचा माणूस दारात येऊन मला बोलून गेला. बायकांच्या देखत. मी कागद बाहेर ओढला, उलगडला, नीट बघितला. किती सुंदर होतं ते, हेही मला दिसलं. मग कात्री घेतली. कोपरे कोरे होते, त्यातून तीस नंबर निघाला असता. मी मधोमध कापला. आणि संध्याकाळी खळ शिजवून त्या निळ्यावर मांजरपाट डकवलं, कारण मला ते दिसायला नको होतं. कागदाचा गठ्ठा संपला होता, दुकान बंद होतं, ही सगळी खरी कारणं आहेत, आणि त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

सोमवारी दुपारी मी मास्तरांना सांगितलं, आज मला हाक मारू नका. मास्तर म्हणाले, "गाव घेऊन चाललात का वर?" मी म्हटलं, "कापड बघा." ते म्हणाले, "बघतोय. टाचण्या काढून न्या, पोराला टोचतील." मी त्या काढून टाके घातले, लांब लांब, कच्चे.

तो खाटेवर बसून विहिरीवरच्या बाईचं ऐकत होता. मी नकाशा त्याच्यासमोर पसरला. उन्हाची पट्टी बरोबर खिशातल्या तळ्यावर पडली. त्यानं आधी कागदाकडे, मग माझ्याकडे बघितलं. नवीन माणसाकडे बघावं तसं, अदबीनं.

"कुणी काढलाय?" म्हणाला. "पक्का आहे हो. सगळे चौकोन सारखे."

तूच काढलायस, हे दोन शब्द माझ्या ओठापर्यंत आले, ते तिथंच राहिले. मी म्हटलं, "माझ्या मुलानं."

त्यानं पेर टेकवून दोनचार चौकोन मोजले. मग वाचायला लागला, मोठ्यानं, दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं. "इथे मेलो. इथे परत मेलो." हसला. "आमच्यासारखाच दिसतोय." बोट नदीच्या काठानं सरकत वर गेलं, बाणाशी थांबलं. "हे आईला दाखवायचं." बोट कोऱ्या कागदावर गेलं, मागं आलं, कापलेल्या कडेवरून फिरलं. "दाखवलं का मग?"

"नाही."

"का?"

"मी कापला. शर्टाच्या फर्म्यासाठी."

"अरेरे," तो म्हणाला. मला वाईट वाटू नये म्हणून लगेच म्हणाला, "तुम्हाला माहीत नसेल, बाई."

चौतीस वर्षं जे मी सांगत आले ते त्यानं आपण होऊन माझ्या हातात ठेवलं. घ्यायचं आणि खाली उतरायचं, एवढंच होतं. खाली मशिनींचा आवाज येत होता, सलग, कुणी टाका चुकत नव्हतं.

"माहीत होतं," मी म्हटलं. "बघून कापला. राग आला होता म्हणून कापला. आणि त्याला सांगितलं, माहीत नव्हतं. चुकलं माझं. फार चुकलं."

पडद्यावर विहिरीवरची बाई उभी होती, तिला कोणी विचारत नव्हतं. त्याच्या कपाळावर आठी आली, लहानपणी घर शोधताना यायची तशी, आणि मला वाटलं आता, आता सापडेल त्याला गल्ली. आठी गेली.

"केवढा आहे मुलगा?"

"बारा वर्षांचा."

"मग विसरेल हो," तो म्हणाला आणि माझ्या हातावर हात ठेवून थोपटलं. "लहान आहे. त्याला या खेळाचा दुसरा भाग आणून द्या. त्यात नकाशा आतच असतो. कुणाला कापता येत नाही."

शब्द तेच. सूर मात्र अनोळखी बाईचं ओझं जिन्यावरून चढवून द्यावं तसा.

"नको," मी म्हटलं. "त्याला पहिलाच आवडतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच, कुणी ऐकेल की काय असं इकडेतिकडे बघून म्हणाला, "मलासुद्धा."

त्यानं दुसरी कॅसेट काढून बाजूला ठेवली आणि पहिली घातली. पडद्यावर झाड आलं, झाडाखाली कंदीलवाला, कंदील भरलेला. तो खाटेवर थोडा सरकला, चादर हातानं सारखी केली.

"बसा ना, बाई."

मी बसले.